चाकाचे ओझे चाकाला विचारा

बैलगाडीत माल भरताना जाणता गाडीवान एक गोष्ट हटकून पाहतो. माल मागे जास्त झाला, तर गाडी उलाळ होते. मागची बाजू खाली बसते, जू वर उचलते आणि बैलांचे गळे आवळले जातात. माल पुढे जास्त झाला, तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. मान सुजते. म्हणून गाडीवान चार पोती मागे सरकवतो, दोन पुढे घेतो. जू हाताने उचलून पाहतो. मगच बैल जुंपतो.

हे त्याला कुणी शाळेत शिकवले नाही. बैलानेच शिकवले. ओझे चुकले, की बैल मान टाकतो, फुरफुरतो, अडून बसतो. मालकाला कळते, की काहीतरी चुकले.

आता पुष्कळ गावांत बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. गाडीच्या जागी ट्रॉली आली. ऊस, कांदा, खडी, विटा, शेणखत, सारे ट्रॉलीतून जाते. ट्रॅक्टर अडून बसत नाही. ट्रॉलीचे चाक फुरफुरत नाही. ओझे चुकले तरी ते मुकाट्याने वाहत राहते. मग एक दिवस भर रस्त्यात टायर फुटतो. ट्रॉली एका बाजूला कलते. ऊस रस्त्यावर पडतो. मागून मोटरसायकलवर कुणी बापलेक येत असतात. वर मोळ्यांवर तोडणीची माणसे बसलेली असतात. पुढे काय होते, ते सांगायला नको.

चाक बोलत नाही, म्हणून आपणच त्याला विचारले पाहिजे, “बाबा रे, तुझ्यावर किती ओझं आहे?” हे विचारायचे कसे, ते या पाठात पाहू. त्याला थोडी बेरीज आणि थोडी वजाबाकी लागते. ती आपल्याला आता येते.

ओझे कोण वाहते?

जुन्या गाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. आतून लाकूड, वरून लोखंड. सगळे ओझे लाकूड आणि लोखंड मिळून वाहतात.

रबरी चाकाचे तसे नाही. पुष्कळांना वाटते, की ओझे टायरचे जाड रबर वाहते. पण टायरमधली हवा सोडून द्या. काय होते? तेच जाड रबर चपाती होऊन जमिनीला टेकते. म्हणजे ओझे मुख्यतः आतली कोंडलेली हवा वाहते. टायर हा त्या हवेची पिशवी आहे. पिशवी मजबूत हवी, हे खरे. पण कामकरी हवा आहे.

असे हवेचे टायर १८८८ सालापासून लोकांच्या वापरात आले. ते तयार करणारा माणूस जनावरांचा डॉक्टर होता. त्याचे नाव जॉन डनलॉप. तो आयर्लंड देशात बेलफास्ट गावी राहत असे. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत, म्हणून त्याने रबरी नळीत हवा भरून ती चाकाला बसवली. त्या छोट्या सायकलीपासून आजच्या ट्रॉलीपर्यंत तत्त्व एकच आहे. ओझे हवेवर तोलायचे.

आपण म्हणतो, “चाकात पन्नास पौंड हवा भर.” याचा अर्थ हवेचे वजन पन्नास पौंड, असा नाही. आतली हवा दर चौरस इंच जागेवर पन्नास पौंडांचा दाब देते, असा त्याचा अर्थ आहे.

आता एक ढोबळ हिशोब करू. एका चाकावर २,००० किलो ओझे आहे. म्हणजे सुमारे ४,४०० पौंड. आत ५० पौंड हवा आहे. मग ४,४०० ला ५० ने भागा. उत्तर आले ८८. म्हणजे टायरचा सुमारे ८८ चौरस इंच भाग जमिनीला टेकेल, तेव्हा ते ओझे तोलले जाईल. हवा निम्मी केली, २५ पौंड, तर ओझे तोलायला दुप्पट जागा टेकावी लागेल. टायर तितका जास्त चपटा होईल. हवा तीच ठेवून ओझे वाढवले, तरीही टायर जास्त चपटा होईल. हवा कमी असणे आणि ओझे जास्त असणे, ही दोन्ही दुखणी टायरच्या दृष्टीने एकच आहेत.

टायर का फुटतो?

लोखंडी तारेचा एक तुकडा घ्या. एकाच जागी तो दहा-वीस वेळा वाकवा आणि सरळ करा. मग ती जागा बोटाने चाचपून पाहा. तार गरम झालेली असते. आणखी वाकवली, तर तुटते.

टायरचे असेच होते. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो, तो चपटा होतो. चाक फिरले, की तो पुन्हा गोल होतो. चाकाच्या एका फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा वाकतो आणि एकदा सरळ होतो. समजा, चाकाचा घेर अडीच मीटर आहे. मग एका किलोमीटरला चाकाचे ४०० फेरे होतात. कारखाना २० किलोमीटरवर असेल, तर ८,००० फेरे झाले. म्हणजे एका खेपेत टायर ८,००० वेळा वाकला आणि ८,००० वेळा सरळ झाला.

ओझे बेताचे असले, तर टायर थोडा वाकतो. थोडा गरम होतो आणि वाऱ्याने निवतो. ओझे जास्त झाले, तर तो खूप वाकतो. उष्णता वाढत जाते. ती बाहेर जायला वेळच मिळत नाही. रबराच्या आत दोऱ्यांचे थर असतात. उष्णतेने रबर आणि दोरे यांची पकड सुटते. बाहेरून टायर चांगला दिसतो, पण आत फोड आलेला असतो. मग एखादा खड्डा, एखादा दगड, एखादे दुपारचे ऊन एवढे निमित्त पुरते. लोक म्हणतात, “दगडानं टायर फोडला.” दगड हा नुसता निमित्ताचा धनी. टायर आधीच आतून सुटलेला असतो.

एकूण वजन फसवते

“अहो, पण आम्ही गाडी काट्यावर लावतोच की,” असे कुणी म्हणेल. खरे आहे. साखर कारखान्यावर भरलेली गाडी एकदा तोलतात. रिकामी झाल्यावर पुन्हा तोलतात. दोन्हींची वजाबाकी केली, की उसाचे वजन निघते. त्यावर शेतकऱ्याचे बिल होते. उसाच्या पैशासाठी हे वजन पुरे आहे. टायरच्या जिवासाठी ते पुरे नाही.

का, ते पाहा. चौघांनी मिळून एक मोठा ओंडका उचलला आहे. ओंडक्याचे वजन २०० किलो. प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलो यायला हवे. पण ओंडका बुडाशी जाड आणि शेंड्याशी बारीक आहे. मग बुडाकडच्या दोघांवर जास्त भार आला. त्यात एक जण उंच आणि दुसरा ठेंगणा. उंच माणसाच्या खांद्यावर आणखी भार आला. एकूण वजन २०० किलोच राहिले. पण कुणी ४० किलो वाहतो आणि कुणी ७०. कंबर मोडणार ती सत्तर किलोवाल्याची. त्याला जाऊन सांगितले, की “सरासरी पन्नासच आहे बाबा,” तर त्याचे दुखणे थांबेल का?

ट्रॉलीची चार चाके म्हणजे हे चार गडी. काट्याची पावती फक्त ओंडक्याचे वजन सांगते. कोणाच्या खांद्यावर किती आले, ते सांगत नाही.

आणि ओझे चारही चाकांवर सारखे क्वचितच येते. त्याला कारणे पुष्कळ. मोळ्या मागे जास्त रचल्या जातात. भरणारे एकाच बाजूने भरत असले, तर त्या बाजूला दाटी होते. एका बाजूचा पाटा बसलेला असतो. सांगाडा वाकलेला असतो. शिवाय आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता केलेला असतो. त्यामुळे डाव्या चाकांवर आणखी थोडे ओझे सरकते.

हे दुखणे फक्त आपल्या ट्रॉलीचे नाही. अमेरिकेत काही कुटुंबे मोटारीच्या मागे चाकांवरचे घर जोडून प्रवासाला निघतात. त्या घरात चूल, कपाट, पाण्याची टाकी, खाट असे सारे असते. चूल आणि कपाट एका बाजूला आले, की त्या बाजूच्या चाकावर जास्त भार पडतो. म्हणून तिकडचे जाणकारही हेच सांगतात, की घराचे एकूण वजन करून थांबू नका. एकेक चाक वेगळे तोला.

टायरवर काय लिहिले आहे?

टायरच्या बाजूवर अक्षरे आणि आकडे असतात. आपल्याला वाचता येऊ लागले आहे, तर ते वाचलेच पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे टायरचे माप. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

दुसरी गोष्ट, टायर किती ओझे वाहू शकतो. काही टायरांवर हे ओझे सरळ किलोमध्ये लिहिलेले असते. काहींवर त्याऐवजी एक खुणेचा अंक असतो. १०० हा अंक म्हणजे ८०० किलो. १२१ म्हणजे १,४५० किलो. १३६ म्हणजे २,२४० किलो. हा अंक म्हणजे किलो नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. अंकाचा अर्थ सांगणारा तक्ता टायरच्या दुकानात मिळतो. हे ओझे एका चाकाचे असते. आणि ते ठरलेल्या हवेला व ठरलेल्या वेगालाच लागू असते. हवा कमी असली, तर टायरची ताकदही कमी होते.

तिसरी गोष्ट, टायरचे वय. एका लांबट चौकटीत शेवटी चार आकडे असतात. समजा, ते २३१९ आहेत. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसली, तरी जुने रबर कडक होते आणि तडकते. जुना टायर, चिरलेला टायर, वरून रबर चढवून घेतलेला टायर, यांच्याकडून नव्या टायरची अपेक्षा करू नये.

काट्यावर एकेक चाक कसे तोलावे?

गाडी तोलायचा मोठा काटा पूर्वी नव्हता. अमेरिकेत काही ठिकाणी भरलेली गाडी साखळ्यांनी उचलून तोलत असत. १८३० साली थॅडियस फेअरबँक्स या माणसाने जमिनीलगत फळी असलेला काटा तयार केला. गाडी फळीवर उभी केली, की वजन कळू लागले. तेव्हा तरफा आणि वजने असत. आजच्या काट्याच्या फळीखाली पोलादी ठोकळे असतात. ओझे आले, की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका दबतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांतून वीज वाहत असते. ठोकळा दबला, की विजेच्या वाहण्यात फरक पडतो. तो फरक मोजून यंत्र किलो दाखवते.

काटा आपल्याला फळीवर जेवढे आहे, तेवढ्याचेच वजन सांगतो. बाहेर जे आहे, त्याचे सांगत नाही. याचाच आपल्याला उपयोग करून घ्यायचा आहे.

गर्दी नसेल अशी वेळ काटेवाल्याला विचारून ठरवा. नेहमी जेवढा माल भरता, तेवढा आणि तसाच भरून ट्रॉली न्या. काट्याची फळी बाजूच्या जमिनीशी सपाट असली पाहिजे. काही काटे जमिनीपेक्षा उंच असतात आणि त्यांवर चढणीवरून जावे लागते. अशा काट्यावर अर्धी ट्रॉली आत आणि अर्धी बाहेर असे कधीही करू नका. गाडी उलटेल. तोलताना ट्रॉलीवर किंवा ट्रॉलीखाली कुणी असू नये. ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालवावा.

चार चाकांची ट्रॉली असेल, तर चार वेळा वजन घ्यावे.

पहिले वजन. ट्रॅक्टर फळीच्या पुढे निघून जाऊ द्या. फळीवर फक्त ट्रॉलीची चारही चाके ठेवा. समजा, काटा ८,००० किलो दाखवतो.

दुसरे वजन. थोडे पुढे घ्या. ट्रॉलीची पुढची चाके फळीच्या बाहेर गेली. फळीवर मागची दोन चाके राहिली. काटा ४,६०० किलो दाखवतो.

तिसरे वजन. वळसा घालून या. आता ट्रॉली अशी आणा, की डावीकडची दोन चाके फळीवर आणि उजवीकडची दोन बाजूच्या सपाट जमिनीवर राहतील. काटा ४,४०० किलो दाखवतो.

चौथे वजन. तसेच थोडे पुढे घ्या. फळीवर फक्त मागचे डावे चाक राहिले. काटा २,६०० किलो दाखवतो.

चारही आकडे वहीत लिहून घ्या. आता वजाबाकी.

मागची दोन चाके मिळून ४,६००. त्यातले डावे २,६००. म्हणून मागचे उजवे २,०००.

डावीकडची दोन मिळून ४,४००. त्यातले मागचे २,६००. म्हणून पुढचे डावे १,८००.

चारही मिळून ८,०००. त्यातून मागची ४,६०० वजा केली, की पुढची दोन ३,४००. त्यातले डावे १,८००. म्हणून पुढचे उजवे १,६००.

हिशोब बरोबर आहे का, ते बेरीज करून पाहा. २,६०० आणि २,००० आणि १,८०० आणि १,६००. बेरीज ८,०००. बरोबर. मोठा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो, म्हणून थोडा फरक आला तर घाबरू नये.

आता पाहा गंमत. समजा, या टायरांवर प्रत्येकी २,२०० किलो लिहिले आहे. चार टायरांची ताकद ८,८०० किलो झाली. ओझे ८,००० किलो. पावती पाहून मालक खूश. म्हणतो, “अजून आठशे किलोंची सवड आहे.” पण मागच्या डाव्या चाकावर २,६०० किलो आहेत. त्याच्या ताकदीपेक्षा ४०० किलो जास्त. तो टायर रोज जळतो आहे आणि मालक सवड मोजतो आहे.

काट्याच्या दोन्ही बाजूंना भिंत किंवा कठडा असला, तर तिसरे आणि चौथे वजन घेता येत नाही. मग निदान पुढचे आणि मागचे वजन तरी वेगळे काढा. डावे-उजवे ओळखायला दुसरी युक्ती आहे. चारही टायर सारखे असावेत आणि त्यांत सारखी हवा असावी. भरलेली ट्रॉली सपाट जागी उभी करा. प्रत्येक चाकाच्या रिंगेच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. जिथे अंतर सगळ्यांत कमी, त्या टायरवर ओझे सगळ्यांत जास्त. याने किलो कळत नाहीत, पण दुखरा खांदा कोणता, ते कळते.

दोनचाकी ट्रॉली आणि उलाळ

ट्रॉलीला दोनच चाके असली, तर तिचा थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. ही थेट आपली बैलगाडीच. हुक म्हणजे जू.

आधी एकटा ट्रॅक्टर तोला. समजा, २,२०० किलो भरला. मग भरलेली ट्रॉली जोडा. ट्रॅक्टर फळीवर आणि ट्रॉलीची चाके बाहेर असे उभे करा. आता काटा २,७०० दाखवतो. म्हणजे हुकावर ५०० किलो आले. हा भार फार वाढला, तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. मग स्टिअरिंग फिरवले, तरी ट्रॅक्टर नीट वळत नाही.

आणि वजन २,२०० पेक्षा कमी आले तर? तर ट्रॉली उलाळ आहे. ती ट्रॅक्टरला मागून वर उचलते आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटेल आणि उतारावर ब्रेक नीट लागणार नाही. अशी ट्रॉली रस्त्यावर नेऊ नये. माल पुढे सरकवावा.

मग काय करायचे?

चार चाकांच्या ट्रॉलीच्या उदाहरणाकडे परत येऊ. तिथे माल कमी करावाच लागला, असे नाही. मागच्या मोळ्या थोड्या पुढे घेतल्या. डावीकडची दाटी थोडी उजवीकडे केली. पुन्हा तोलले. मागचे डावे २,१००, मागचे उजवे २,०००, पुढचे डावे २,०००, पुढचे उजवे १,९००. बेरीज तीच, ८,०००. पण आता एकही टायर २,२०० च्या वर नाही. ऊस तेवढाच राहिला आणि धोका टळला.

माल सरकवूनही एखादे चाक भारीच राहिले, तर मात्र माल कमी केला पाहिजे. दुसरा उपाय नाही. आणि काठोकाठ भरू नये. वळणावर बाहेरच्या चाकावर ओझे सरकते. खड्ड्यात एकाच चाकाला झटका बसतो. त्यासाठी थोडी सवड राहू द्यावी.

कारखान्याच्या दारात मोळ्या उतरवून पुन्हा रचत बसणे कुणालाच जमणार नाही. त्याची गरजही नाही. हंगामाच्या आरंभी एक-दोनदा असे तोलून पाहा. आपल्या ट्रॉलीची खोड कळते. मग फडात भरतानाच मुकादमाला सांगता येते, “मागं दोन थर कमी लावा, पुढं दाबून भरा.” टोळीला वेगळे कष्ट पडत नाहीत. पाटा बदलला, टायर बदलले किंवा मालाचा प्रकार बदलला, तर पुन्हा तोलावे.

हवेची काळजी

ओझे कळले, की हवा ठरते. सगळ्यांत भारी चाकाला जेवढी हवा लागते, तेवढी त्या जोडीतल्या दोन्ही चाकांत भरावी. किती पौंड, ते टायरच्या कंपनीच्या तक्त्यात असते. दुकानदाराला आपला आकडा सांगून विचारावे. नुसत्या लाथेने किंवा हातोडीच्या आवाजाने हवा कळत नाही. मोजायची नळी वापरावी.

हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. चालून टायर तापला, की आतली हवा फुगते आणि दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. सोडली, तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते आणि दुसऱ्या खेपेला टायर आणखी तापतो.

वाटेत थांबाल, तेव्हा प्रत्येक टायरजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहा. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल, तर त्याचे काहीतरी दुखते आहे. एक तर हवा कमी आहे, नाही तर ओझे जास्त आहे. त्याच्यावर पाणी ओतून पुढे निघू नका. कारण शोधा.

कायदा काय म्हणतो?

सरकारचा नियमही नुसते एकूण वजन पाहत नाही. तो आसाआसाचा हिशोब करतो. आस म्हणजे दोन्हीकडची चाके ज्या दांड्यावर असतात तो कणा. २०१८ साली केंद्र सरकारने मालमोटारींसाठी नव्या मर्यादा ठरवल्या. दोन टायरांच्या पुढच्या आसावर ७ टन. चार टायरांच्या मागच्या आसावर साडेअकरा टन. म्हणून अशा दोन आसांच्या मालमोटारीची मर्यादा साडेअठरा टन झाली. ट्रॉलीची मर्यादा तिच्या नोंदणीच्या कागदावर लिहिलेली असते. ती वाचावी.

मर्यादेबाहेर माल भरला, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा मालाच्या दर टनाला आणखी २,००० रुपये. आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. एका खेपेत दोन मोळ्या जास्त नेऊन जे सुटते, ते एका दंडात जाते.

दंड भरून निघतो. टायरही विकत मिळतो. पण ट्रॉलीवर बसलेली लेकुरवाळी बाई आणि मागून सायकलीवर येणारा शाळेचा मुलगा, ही कुठल्या दुकानात मिळत नाहीत. भरलेल्या ट्रॉलीवर कुणालाही बसू देऊ नये. आणि जे रस्त्यावर आहेत, त्यांच्यासाठी आपले प्रत्येक चाक धड ठेवावे.

एवढे लक्षात ठेवा

ओझे हवा वाहते. टायर ही पिशवी आहे.

पावतीवरचे वजन साऱ्या गाडीचे असते. टायरवरचा आकडा एका चाकाचा असतो. दोन्हींची गल्लत करू नये.

सगळ्यांत भारी चाक पाहावे. ते सुरक्षित, तर गाडी सुरक्षित.

आधी माल सरकवावा. तेवढ्याने भागले नाही, तर माल कमी करावा.

हवा थंड टायरमध्ये, नळीने मोजून भरावी.

हे गणित सोडवा

एका ट्रॉलीची चारही चाके मिळून ६,४०० किलो भरली. मागची दोन चाके ३,५०० किलो. डावीकडची दोन चाके ३,३०० किलो. मागचे डावे चाक एकटे १,९०० किलो. प्रत्येक टायरची ताकद १,८०० किलो आहे. चारही चाकांवरचे ओझे वेगवेगळे काढा. कोणत्या टायरवर ओझे जास्त आहे? किती जास्त आहे? माल कोणत्या बाजूला सरकवाल?

उत्तर: मागचे डावे १,९००, मागचे उजवे १,६००, पुढचे डावे १,४००, पुढचे उजवे १,५००. मागच्या डाव्या टायरवर १०० किलो जास्त आहेत. माल पुढे आणि उजवीकडे सरकवावा.

गणित सुटले असेल, तर आता वही मिटा आणि ट्रॉलीकडे जा. टायरवरचे आकडे वाचून पाहा.